23 म्हणजे उशीर नाही, पण आधी तो कागद मिळवा

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि 2008 सालचा मीच डोळ्यांसमोर आलो. मुलगा 23 चा, ऑस्ट्रियात ग्राझला शिकतोय, तिथल्या छोट्या फुटबॉल क्लबात सरावाला जातो, पण भारतातल्या जुन्या नोंदणीचा निकाल लागत नाही म्हणून सामन्यात उतरवत नाहीत. घरचे म्हणतात वय गेलं, आता सोड. आणि तो दर वेळी स्लोव्हेनियाचा फुटबॉलपटू नोवाकोविच याचं नाव पुढे करतो.

त्याचं म्हणणं खरं आहे. मी 2007 पासून जर्मनीत कोलोनला राहतो, मिलिवोये नोवाकोविचला मैदानात बसून कितीतरी वेळा पाहिलंय. जन्म 1979, ल्युब्लियाना. तुमच्या मुलाच्या वयात तो ऑस्ट्रियातच होता आणि त्याच्या स्वतःच्या देशातही त्याला फारसं कोणी ओळखत नव्हतं. मग मॅटर्सबुर्ग, लिंट्स हे तिथलेच क्लब, तिथून बल्गेरियात लितेक्स लोवेच. स्लोव्हेनियाकडून पहिला सामना फेब्रुवारी 2006 मध्ये, वय 26, आणि मे महिन्यात त्रिनिदादविरुद्ध तीन गोल. त्याच वर्षी कोलोनच्या क्लबाने घेतला. 2007-08 ला दुसऱ्या बुंडेसलीगात, म्हणजे जर्मनीच्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये, 20 गोल, सगळ्यांत जास्त, आणि संघ वर चढला. 31 व्या वर्षी दक्षिण आफ्रिकेत विश्वचषक. 34 व्या वर्षी मारिबोरला नॉर्वेविरुद्ध पुन्हा तीन गोल. देशासाठी 80 सामने, 32 गोल. जेमतेम वीस लाख वस्तीच्या देशात त्याच्या निवृत्तीच्या वेळी त्याच्यापुढे एकटा झाहोविच होता, 35 गोलांचा.

5 फेब्रुवारी 2011 चा बायर्न म्युनिकविरुद्धचा कोलोनचा सामना मी दक्षिणेकडच्या स्टँडमधून पाहिला. मध्यंतराला 0-2. शेजारचे आजोबा मफलर गुंडाळून निघायच्या बेतात होते. कोलोनच्या क्लेमेन्सने एक फेडला, मग नोवाकोविचने दोन. 3-2. आजोबांनी मला, एका अनोळखी माणसाला, घट्ट मिठी मारली होती.

पण मुलाला एक गोष्ट नीट सांगा. हा माणूस उशिरा चमकला, उशिरा खेळायला लागला नाही. ल्युब्लियानात ऑलिम्पियाच्या मुलांच्या संघात तयार झालेला, 1.92 मीटर उंच, आणि कोणी विचारत नव्हतं तेव्हाही खालच्या लीगमध्ये खरे सामने खेळत होता. नुसत्या सरावावर फॉरवर्ड, म्हणजे गोल करणारा खेळाडू, घडत नाही, असं माझं ठाम मत आहे. गोलसमोरच्या बॉक्समध्ये अर्धा सेकंद आधी कुठे जायचं ते सामन्यातच कळतं. म्हणून तुमच्यापुढे खरा प्रश्न वयाचा नाही, कागदाचा आहे.

माझी चूक सांगतो. इथल्या क्लबाच्या नोंदणी फॉर्मवर प्रश्न होता, यापूर्वी दुसऱ्या देशात नोंदणी होती का? संघातला एकजण म्हणाला, "नाही लिही, भारतातलं कोण बघतंय." मी 'नाही' वर खूण केली. चार सामने खेळलो, दोन गोल केले. मग कोणीतरी तक्रार केली. आम्ही जिंकलेले दोन सामने हरल्यात धरले, सहा गुण गेले, आणि मे महिन्यात संघ दोन गुणांनी खालच्या गटात गेला. ज्या पोरांनी मला पहिल्या दिवशी घरी जेवायला नेलं होतं, त्यांचं वर्ष मी घालवलं. याचं दुःख अजून गेलेलं नाही.

त्यानंतर भारतातल्या नोंदणीचा कागद मिळवायला गावाकडचं फुटबॉल संघटनेचं कार्यालय. नाव घेत नाही. भाऊ तीनदा गेला. एकदा साहेब दौऱ्यावर. एकदा अर्ज खेळाडूने समक्ष द्यावा म्हणे, मी जर्मनीत! तिसऱ्यांदा रजिस्टर कपाटात आणि किल्ली दुसऱ्याकडे. पाच महिने गेले. शेवटी नोंद सापडली ती चुकीच्या आडनावाने, पुढे नुसती आद्याक्षरं. पासपोर्टवर वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव. दोन्ही माणसं एकच हे सिद्ध करायला आणखी तीन आठवडे. खेळाडूच्या आयुष्यातला एक हंगाम म्हणजे काय, हे त्या टेबलापलीकडच्या माणसाला कधी कळणार?

तेव्हा तुम्ही तिथे खेपा घालू नका. आंतरराष्ट्रीय हस्तांतराचा दाखला, ज्याला सगळे आयटीसी म्हणतात, तो एका देशाचा महासंघ दुसऱ्याकडून मागतो. ग्राझच्या क्लबाने ऑस्ट्रियन महासंघामार्फत मागणी केलीय का, कोणत्या तारखेला, हे मुलाला लेखी विचारायला सांगा. बऱ्याचदा क्लबातल्या काकांनी फॉर्म नुसता ड्रॉवरमध्ये ठेवलेला असतो. आमच्या वेळी हौशी खेळाडूसाठी 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर तात्पुरती नोंदणी मिळायची सोय होती, मला ती फार उशिरा कळली. मी वकील नाही, नियम बदलतात, ऑस्ट्रियातल्या मुदतीही वेगळ्या असतील. पण हा प्रश्न त्याने विचारायलाच हवा.

जुन्या क्लबाला जे पाठवायचं ते स्पीड पोस्टाने, पावती जपून. फोनवरचा "हो, सोडलं तुला" काही कामाचा नाही. जुन्या ओळखपत्राचा आणि पासपोर्टचा फोटो एकत्र जोडा, नावातला फरक आधीच लिहून टाका. आणि हो, तिकडे बरेच सामने कृत्रिम गवतावर होतात. लांब स्टडचे बूट घालून माझा गुडघा दुखावला होता, त्याला वेगळा जोड घ्यायला लावा.

फॉर्मवर सही करण्याआधी मला व्यक्तिगत निरोपातून पाठवा. रात्री नऊनंतर मी मोकळा असतो, एकेक रकाना वाचून सांगेन.