‘सर्वोच्चता’ की ‘अग्रक्रम’?

चर्चगेट परिसरात कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे की, युरोपीय संघाचा कायदा आणि सदस्यदेशाची राज्यघटना यांच्यातील संघर्षावर मराठीत निबंध लिहिताना ‘युरोपीय कायद्याची सर्वोच्चता’ असे लिहिले तर चालेल का. माझ्या मते चालू नये, कारण सगळा तंटा नेमका याच शब्दावर आहे.

मिलानमधील एका वकिलाने न भरलेल्या १,९२५ लिरांच्या वीजबिलाच्या निमित्ताने लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयाने १९६४ साली सांगितले की, देशाने मागाहून केलेला कायदा युरोपीय कायद्यावर मात करू शकत नाही. १९७० मध्ये तोच नियम त्याने राज्यघटनांनाही लावला. मात्र आड येणारा देशी कायदा त्यामुळे रद्द होत नाही, न्यायाधीशाने तो त्या प्रकरणात लागू करायचा नसतो, एवढेच. कल्याणच्या पुढे मेलला वाट देण्यासाठी कसारा लोकल सिग्नलला उभी करतात, तेव्हा आतल्या उभ्या प्रवाशांना काहीही वाटो, ती रद्द झालेली नसते. हा अग्रक्रम. आपल्या घटनेच्या अनुच्छेद १३ नुसार मात्र मूलभूत हक्कांशी विसंगत कायदा त्या विसंगतीपुरता शून्यवत ठरतो, कारण कायद्याची वैधताच घटनेतून येते. ही सर्वोच्चता.

स्पेनच्या घटना न्यायालयाने डिसेंबर २००४ मध्ये हाच भेद पुढे करून प्रस्तावित युरोपीय घटनाकराराला वाट मोकळी केली. पोलंडच्या घटनेत तर दोन्ही कल्पना एकत्र नांदतात. अनुच्छेद ८ घटनेला सर्वोच्च कायदा म्हणतो आणि अनुच्छेद ९१ आंतरराष्ट्रीय संघटनेच्या कायद्याला देशी अधिनियमांच्या पुढे जागा देतो. ही जागा घटनेच्याही पुढे आहे काय, या प्रश्नावर तेथील घटना न्यायाधिकरणाने ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘नाही’ असे उत्तर दिले आणि लक्झेंबर्गशी उघड संघर्ष उभा राहिला. दोन्हीकडे ‘सर्वोच्चता’ लिहिली, तर भांडण कशाचे हेच वाचकाला कळणार नाही.

‘प्राधान्य’ हा शब्द जवळचा असला तरी त्यात पसंतीची छटा आहे, आणि येथे न्यायाधीशाला पसंती विचारलेलीच नाही. ‘श्रेष्ठत्व’ गुणवत्तेकडे झुकते. म्हणून ‘संघाचा कायदा अग्रक्रमाने लागू होतो’ अशी वाक्यरचना करावी. ‘अग्रक्रमता’ मात्र घडवू नये; ‘क्रम’ हे मुळातच नाम आहे, त्याला ‘ता’चे शेपूट कशाला?