समुद्रापासून दूर राहून किनारा-स्वच्छतेला हातभार लावता येतो का?

किनारा-स्वच्छतेच्या मोहिमांचा खरोखर उपयोग होतो का, आणि ज्याच्या जवळपास समुद्रच नाही अशा माणसाने काय करावे, असे आपण विचारले आहे. मी यावल तालुक्यात तापीकाठच्या एका गावात केळीची शेती करतो आणि गेली सहा वर्षे गावातल्या मंडळींबरोबर दर उन्हाळ्यात नदीचे पात्र साफ करतो. त्या अनुभवावरून उत्तर देतो.

उपयोग होतो. मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर अफरोज शाह यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये सुरू केलेली साफसफाई आठवड्यामागून आठवडे चालत राहिली, आणि २०१८ मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्राकडे जाताना दिसली. पुढे त्यांनी मिठी नदीचेही काम हाती घेतले, आणि मला ते अधिक महत्त्वाचे वाटते, कारण भरतीबरोबर किनाऱ्यावर येणारा पुष्कळसा कचरा नद्यानाल्यांनीच समुद्रात नेऊन टाकलेला असतो.

आमची तापी मुलताईला उगम पावून ७२४ किलोमीटर वाहत सुरतेच्या पुढे अरबी समुद्राला मिळते, आणि वाटेत पूर्णा, वाघूर, गिरणा, पांझरा या नद्या आपापल्या काठच्या गावांचे सगळे काही तिच्या ओटीत घालतात. मध्ये उकाईचे धरण असल्यामुळे आपला कचरा समुद्रापर्यंत पोहोचतच नाही, असे आमच्याकडे काही जण म्हणतात. बाटल्या-चपलांपुरते ते बरेचसे खरे असेल. परंतु उन्हाने तडकून बारीक झालेले प्लॅस्टिक पाण्याबरोबर दरवाजांतून पुढे जाऊ शकते, आणि जे जलाशयात राहते ते तिथल्या माशांच्या पोटात जायचे काही थांबत नाही.

आमच्या पात्रात सर्वांत जास्त सापडतात त्या केळीच्या घडांना घालायच्या स्कर्टिंग बॅगा. फळावर डाग पडू नयेत म्हणून आम्ही त्या वापरतो. हाताला त्या कापडासारख्या लागतात, त्यामुळे कुजून जातील अशा समजुतीने कापणीनंतर बांधावर किंवा नाल्यात फेकल्या जातात. वास्तविक ते पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे प्लॅस्टिकच असते. दोन उन्हाळे खाल्लेली बॅग काठावरच्या बाभळीच्या काट्यांतून सोडवायला गेलो, तर ती अखंड हाती येतच नाही. जुन्या पापडासारखा तिचा चुरा होऊन वाळूत मिसळतो आणि मग तो वेचणे कोणाच्याही हातचे राहत नाही. त्यांतल्या काही माझ्याच बागेतल्या असणार, हेही सांगितले पाहिजे. याउलट ठिबकची जुनी नळी नदीत क्वचितच दिसते, कारण भंगारवाला ती वजनावर घेतो. ज्याला भाव आहे ते नदीपर्यंत जात नाही, हे आम्हाला उशिरा उमगले.

पहिल्या वर्षी तर गोळा केलेला सगळा ढीग आम्ही काठावरच पेटवला. काळा धूर दिवसभर गावावर राहिला, आणि वितळून उरलेली ढेकळे जूनच्या पहिल्या पुराने नेली. तेव्हापासून वेचण्याआधीच माल कुठे जाणार ते ठरवतो. सुट्या बॅगा भंगारवाला घेत नाही, पण कोरड्या करून, गठ्ठे बांधून ट्रॅक्टरभर झाल्या की नेतो. म्हणून आता कापणीच्या वेळीच प्रत्येकाच्या बागेत एक रिकामी गोणी टांगलेली असते, आणि पात्रात उतरण्याचे काम त्यामानाने कमी झाले आहे.

आपण सुरुवात करणार असाल तर मे महिन्याचा दुसरा पंधरवडा धरा. पात्र कोरडे असते आणि पूर यायला अवकाश असतो. जेसीबी लावू नका, त्याने कचरा वाळूखाली दडपला जातो. दुसरी फेरी श्रावणात, आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या विसर्जनाच्या सोमवारी, घाटावर करा. आम्ही तिथे फक्त पोती धरून उभे राहतो. आता आयाबाया स्वतःच निर्माल्य कुंडात रिकामे करतात आणि पिशवी झटकून आमच्या पोत्यात टाकतात.