बँकॉक : राजवाडा आणि मॉल झाल्यावर

आधीच्या फेरीत राजवाडा आणि मॉल झालेत, आता आई-बाबांना घेऊन चार दिवस जाताय, जुन्या वस्त्या बघायच्यात, आणि आई पूर्ण शाकाहारी आहेत, असं तुम्ही लिहिलंय. मी नोकरीनिमित्त सहा वर्षं तिथे होतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, रोज सकाळी साडेसातला बाहेर पडा आणि साडेअकराला हॉटेलवर परत या. दुपारच्या उन्हात आई-बाबांना चालवू नका. आणि एका दिवशी एकच पट्टा धरा, टॅक्सीने इकडून तिकडे उड्या नकोत. हे शहर वस्त्या-वस्त्यांनी वसलंय. १७८२ मध्ये थाई राजा पहिला राम याने राजधानी चाओ फ्राया नदीच्या पूर्व काठावर आणली, तेव्हा आज राजवाडा आहे त्या जागी राहणाऱ्या चिनी व्यापाऱ्यांना कोटाबाहेर सांपेंगला हलवलं. आजचा चायनाटाउन तिथूनच वाढला. एका वस्तीतून पायी दुसरीत शिरलं की हा इतिहास आपोआप कळत जातो.

म्हणून पहिली सकाळ अशी : हुआ लाम्फोंग मेट्रो स्टेशनला उतरून तलात नोई या जुन्या वस्तीत जा. गल्ल्यांत जुन्या गाड्यांच्या इंजिनांचे, गिअरचे ढीग लागलेले दिसतील, त्यांच्यामध्येच चिनी देवळं. सो हेंग ताई नावाचा जुना चिनी वाडा चुकवू नका. त्याच्या चौकात चक्क स्कूबा डायव्हिंग शिकवायची टाकी आहे. तिथून सांपेंगच्या बोळात शिरा. हातगाड्या सारख्या ये-जा करत असतात, बाबांना कडेने चालायला सांगा. बोळ संपला की फाहुरात, म्हणजे कापडबाजार. सोनेरी घुमटाचा गुरुद्वारा इथेच आहे. आईंच्या खाण्याची इथे अजिबात काळजी नाही, लंगर आहे, भारतीय खाणावळी आणि मिठाईची दुकानं आहेत.

बाकी शहरात मात्र सांभाळा. नुसतं 'भाज्या' म्हणून मागवलं तरी त्यात नाम प्ला, म्हणजे माशांपासून केलेला खारट सॉस, बहुतेक असतोच. 'जे' हा शब्द पाठ करा. पिवळ्या पताकेवर लाल थाई अक्षरांत तो लिहिलेला असतो. तिथे मांस-मासे-अंडी नाहीतच, कांदा-लसूणही नाही. ऑक्टोबरच्या आसपास जाणार असाल तर नऊ दिवसांचा 'जे' उत्सव असतो, बऱ्याचदा आपल्या नवरात्राच्या सुमारासच. तेव्हा चायनाटाउनचा मुख्य यावारात रस्ता पिवळ्या पताकांनी भरून जातो.

फाहुरातहून पाक ख्लोंग फूलबाजार पायी जवळ. झेंडूचे ढीग बघून दादरची आठवण येईलच, पण थांबून बघायचे ते तिथले हार. बायका लांब सुईवर मोगऱ्याच्या कळ्या गोल गोल रचत जातात, एकेक ओळ नक्षीत बसवतात आणि मग सगळी चळत सुईवरून दोऱ्यावर उतरवतात. माझी आई तिथे अर्धा तास बसून होती. तिला थाई येत नव्हतं, हार करणारीला मराठी नव्हतं, तरी तिने शिकून घेतलं.

दुसऱ्या सकाळी साम योत स्टेशनहून बान बात. भिक्खूंची भिक्षापात्रं ठोकणारी ही वस्ती. लोखंडाच्या आठ पट्ट्या जोडून एक पात्र होतं, आठ म्हणजे अष्टांगिक मार्ग. यंत्रावर बनलेली स्वस्त पात्रं आल्यापासून मोजकीच घरं हे काम करतात, म्हणून तिथे गेलात तर छोटं का होईना, एखादं पात्र विकत घ्याच. तिथून महाकाय झोपाळ्याकडे, म्हणजे 'जायंट स्विंग' या उंच लाल चौकटीकडे, चालत जा. शेजारी १७८४ चं 'देवस्थान' नावाचं हिंदू देऊळ आहे. तीन मंदिरं : शिवाचं, विष्णूचं आणि मधलं गणपतीचं. थाई लोक त्याला फ्रा फिकानेत म्हणतात. आई-बाबांना इथे निवांत बसू द्या.

सेन सेप कालव्यावरची बोट मला स्वतःला फार आवडते, पण ती धक्क्याला जेमतेम काही सेकंद टेकते आणि काठावरून उडी मारल्यासारखं चढावं लागतं. गुडघे दुखत असतील तर तिचा नाद सोडा, चाओ फ्रायावरची मोठी बोट घ्या.

वेळ उरला तर नदीपलीकडे कुडी चीनला जा. १७६७ मध्ये अयुथ्या ही जुनी राजधानी पडल्यावर ताकसिन राजाने पोर्तुगीजांना इथे जागा दिली. सांताक्रूझ चर्चमागच्या अरुंद गल्ल्यांत काही घरं अजून खानोम फरांग हा केक भाजतात, वर मनुका आणि पाकवलेल्या कोहळ्याचे तुकडे. त्यात अंडी असतात, आईंना आधीच सांगा. तुम्ही आणि बाबा मात्र भट्टीतून निघालेला गरमच खा.