हंपीला याच दिवाळीत जा, पण कर्ज काढून नको

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. घरी तुम्ही पाच जण. दोघांचा पगार मिळून ६८ हजार हातात येतो, त्यातले १९ हजार गृहकर्जाच्या हप्त्यात आणि ३८ हजार घरखर्चात जातात. एफडी १ लाख ८० हजारांची. दिवाळीत हंपी, बदामी, म्हैसूर, उटी अशी नऊ दिवसांची सहल करायची आहे. टूरवाल्यांनी दीड लाख सांगितलेत, आणि तुमचा प्रश्न आहे की एफडी मोडावी, वैयक्तिक कर्ज घ्यावं की सहलच पुढे ढकलावी.

माझं उत्तर तुमच्या पत्रातल्या शेवटच्या ओळीवर ठरलं. सासूबाई ७१ वर्षांच्या, वारी करणाऱ्या, गुडघे आता बोलू लागलेत आणि त्यांना हंपीचं विठ्ठल मंदिर बघायचंय. कृष्णदेवरायाने पंढरपूरची मूर्ती विजयनगरला, म्हणजे आजच्या हंपीला, नेली आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत आणली, ही वारकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेली कथा त्या लहानपणापासून ऐकत आल्या असणार. पैसे दोन वर्षांनी जमतील, गुडघ्यांचं तसं नाही. म्हणून सहल पुढे ढकलू नका.

पण कर्ज नको. दीड लाख १४ टक्क्यांनी दोन वर्षांसाठी घेतले तर हप्ता साधारण ७,२०० रुपये बसतो. व्याजच २२ हजारांच्या वर जातं, प्रोसेसिंग फी वेगळी. महिन्याला तुमच्याकडे ११ हजार उरतात, त्यातला मोठा भाग पुढच्या दोन दिवाळ्या संपेपर्यंत अडकून पडेल. एफडीही मोडू नका. मुदतीआधी मोडल्याचा दंड किरकोळ असतो, माझी काळजी ती नाही. ही रक्कम म्हणजे तुमचा जेमतेम तीन महिन्यांचा हप्ता आणि घरखर्च आहे, आणि घरात वयस्कर माणूस आहे. रात्री दवाखान्यात न्यावं लागलं तर हाताशी तेवढंच आहे.

कापायची आहे ती सहलीची लांबी. म्हैसूर आणि उटी काढून टाका. नऊ दिवसांतला बराच वेळ गाडीत जाईल आणि त्याचा सगळ्यात जास्त त्रास सासूबाईंनाच होईल. हंपीला तीन रात्री, बदामीला दोन, एवढं पुरे. मिरजेहून हरिप्रिया एक्स्प्रेस थेट होसपेटला जाते, तिथून हंपी तेरा-चौदा किलोमीटर. रेल्वेचं भाडं, साध्या हॉटेलात दोन खोल्या, पाच दिवस गाडी, जेवण आणि गाईड धरून माझ्या अंदाजाने ७० ते ७५ हजारांत होईल. तिकिटांचा खर्च तर नगण्य आहे: विठ्ठल मंदिराला भारतीयांना ४० रुपये, पंधरा वर्षांखालच्या मुलांना काहीच नाही.

आता जून आहे. उरणारे ११ हजार वेगळ्या बचत खात्यात टाकत गेलात तर ऑक्टोबरअखेर ५५ हजार होतात. यजमानांचा बोनस आला तर उत्तमच. नाही आला तर एफडीवर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे एफडी न मोडता तिच्या तारणावर बँकेकडून गरजेपुरती उचल. पंधरा-वीस हजारच लागतील, त्यावरचा दर एफडीच्या व्याजापेक्षा टक्का-दोन टक्के जास्त असतो, आणि एफडी शाबूत राहते. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तो फेडून मोकळे व्हाल. निघताना भाऊबीज उलटू द्या. मुलांना सुट्टी असतेच आणि ऐन सणातले हॉटेलचे दर खाली येतात.

विठ्ठल मंदिराकडे वाहनतळापासून बॅटरीवरच्या गाड्या जातात, सासूबाईंना चालावं लागणार नाही. मुलांच्या हातात नवी पन्नासची नोट द्या. तिच्या मागच्या बाजूला आहे तोच दगडी रथ समोर उभा असेल. बदामीच्या लेण्यांना पायऱ्या बऱ्याच आहेत. तुम्ही मुलांना घेऊन वर जा, सासूबाई खाली अगस्त्य तीर्थ तलावाच्या काठी भूतनाथ मंदिरापाशी निवांत बसतील. मला विचाराल तर बदामीतली सगळ्यात सुंदर जागा तीच. एक दिवस बदामीजवळच्या ऐहोळे-पट्टदकलला द्या. ऐहोळ्याच्या मेगुती मंदिरावर इ.स. ६३४चा रविकीर्ती या कवीचा शिलालेख आहे, त्यात चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीच्या संदर्भात ‘महाराष्ट्रक’ हा शब्द कोरलेला आहे. मुलांना तो दगड दाखवाच.

रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, ती तारीख आजच कॅलेंडरवर मांडून ठेवा. आणि सासूबाईंचं तिकीट वेगळं काढा. सगळ्यांचं एकत्र काढलं तर ज्येष्ठांसाठीचा खालच्या बर्थचा कोटा लागत नाही.