माझ्या नावाने छापलेलं वाक्य

“मॅडम, मला लिहिताच येत नाही. कोर्स सोडून देऊ का?”

मास मीडियाच्या दुसऱ्या वर्षाची मुलगी. कळव्याला घर, कॉलेज ठाण्यात. भिजलेली सॅक मांडीवर घेऊन खुर्चीच्या कडेवर बसली होती. नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न दर सत्रात दोन-तीन मुलं तरी घेऊन येतात, आणि त्यांच्यापेक्षा जास्त वेळा त्यांचे आईवडील: “बोलतो छान, पण कागद पुढे ठेवला की नुसता बसून राहतो.” म्हणून तिच्या परवानगीने, तिची ओळख पटेल असं काही न ठेवता हे लिहिते आहे.

तिने असाइनमेंट काढून दिली. विषय होता ‘जाहिरात आणि मी’. तीन पानं भरलेली. शेवटी सरांनी लाल पेनाने लिहिलं होतं, ‘भाषा शुद्ध. पण यात तू कुठे आहेस?’

मी वाचायला घेतलं. ‘आजच्या धकाधकीच्या युगात जाहिरात हे एक प्रभावी माध्यम आहे. जाहिरातीचे जसे फायदे आहेत तसे तोटेही आहेत.’ शुद्धलेखनाची एक चूक सापडली नाही. दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत जाहिरात लेखन असतं, निबंध असतो. मुलं त्यासाठी अशी वाक्यं तयार करून ठेवतात आणि त्यांना गुणही मिळतात. ज्या वाक्यांनी इतकी वर्षं तारलं ती मूल एका दिवसात कशी टाकून देईल? ‘लिहिता येत नाही’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगते की तुला एका प्रकारचं लिहिणं चांगलं येतं, फक्त ते आता पुरत नाही. एवढं ऐकून बहुतेकांचा चेहरा थोडा सैल होतो. तिचा झाला नाही.

मग मी विचारलं, “तुला सगळ्यात जास्त कुठली जाहिरात आठवते? चांगली-वाईट ते जाऊ दे. आठवते ती सांग.”

बराच वेळ ती सॅकच्या चेनशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, “माझीच.”

२०२२ मध्ये तिला दहावीला ९३ टक्के मिळाले. निकाल लागून तीन दिवस झाले नाहीत तोच क्लासवाल्यांनी नाक्यावर मोठा फ्लेक्स लावला. तिचा फोटो, टक्के आणि खाली अवतरणचिन्हांत एक वाक्य: ‘क्लासच्या नोट्स सोडून मला दुसऱ्या कशाचीच गरज पडली नाही.’ फोटो तेवढा घरून मागून नेला होता. वाक्याचं तिला कुणी विचारलं नाही. तिच्या नावाने चार माणसांनी वाचलेलं पहिलं वाक्य तिने लिहिलेलंही नव्हतं आणि उच्चारलेलंही नव्हतं.

खरी गोष्ट वेगळी होती. करोनामुळे नववीचं जवळजवळ सगळं वर्ष मोबाइलवरच्या ऑनलाइन शाळेत गेलं. घरात मोबाइल एकच, तो दिवसभर वडिलांबरोबर कामावर. रात्री आठनंतर हाती आला की ती दिवसभराचं उतरवून घ्यायची. आई पहाटे चारला उठून पोळी-भाजी केंद्रासाठी चपात्या लाटायची. स्वयंपाकघरात दिवा लागलेलाच असायचा, म्हणून ही तिथेच भिंतीला टेकून पाठांतराला बसायची. सातवीपर्यंत शिकलेली आई पिठाच्या हाताने पुस्तक धरून उत्तरं तपासायची. दहावीतही तेच चाललं. “इतिहासाच्या पुस्तकाला अजून पीठ आहे, मॅडम,” ती म्हणाली.

“आणि आईने तो बोर्ड वाचला?”

“वाचला. काही बोलली नाही. घरी येऊन कणीक मळायला घेतली.” मग अगदी हळू, “तिला वाटलं असणार मीच तसं सांगितलं.”

तीन वर्षांत तिने आईशी हा विषय काढला नव्हता. मधल्या काळात ९३ टक्क्यांच्या जोरावर सायन्सला प्रवेश झाला, बारावीला ५८ टक्के पडले, आणि वस्तीत कुणी ना कुणी विचारत राहिलं, “फ्लेक्सवाली ना तू?” पुढच्या पावसाळ्यात तोच फ्लेक्स कुणीतरी आपल्या गळक्या छपरावर अंथरला. स्टेशनच्या पुलावरून तिला स्वतःचा अर्धा चेहरा दिसायचा.

एका फ्लेक्समुळे तिचं लिखाण अडलं, असं मी म्हणणार नाही. मन इतकं सरळ चालत नाही. पण कागदावर कुणाचंही चालेल असं वाक्य टाकायचं आणि आपण मागे लपायचं, ही सवय तिला त्या वर्षी सुरक्षित वाटली असणार, एवढं मला दिसत होतं. आणि खरं सांगते, मला राग आला. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीच्या तोंडी शब्द घालणं ही क्षुल्लक गोष्ट नाही.

पालकांसाठी इथेच सांगून ठेवते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंग क्लासच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. यशस्वी विद्यार्थ्याचं नाव, फोटो किंवा अभिप्राय वापरायचा तर त्याची लेखी संमती लागते, आणि ती निकालानंतर घेतलेली असावी लागते. तिच्या वेळी हे नव्हतं. आता आहे. फोटो देण्याआधी ‘खाली काय छापणार?’ हे विचाराच, आणि मुलाला ते वाचून दाखवा. तक्रार करायची तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

तिला मी चार दिवसांचं काम दिलं. रोज पंधरा मिनिटं त्या फ्लेक्सबद्दल लिहायचं, काय घडलं तेही आणि काय वाटलं तेही. शुद्धलेखन बघायचं नाही, मला दाखवायचं नाही. ही पद्धत माझी नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी विद्यार्थ्यांना असंच लिहायला लावलेला प्रयोग १९८६ मध्ये प्रसिद्ध केला. लिहून झाल्या झाल्या त्या मुलांना जास्त उदास वाटलं होतं, पण घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या आरोग्य केंद्रातल्या फेऱ्या पुढच्या काही महिन्यांत कमी झाल्या. उदास वाटतं हे आधीच सांगावं लागतं, नाहीतर मूल दुसऱ्याच दिवशी वही बंद करतं. तिलाही दुसऱ्या दिवशी रडू आलं. तसा मेसेज आला, मी फोन केला, थोडं बोललो. तिने उरलेले दोन दिवस लिहिलं.

त्यानंतरचं काम मात्र साधं आणि थोडं कंटाळवाणं होतं. लिखाण सुधारतं ते अशाच कामाने, हे मी मुलांपासून लपवत नाही. जुन्या तीन पानांतल्या प्रत्येक ओळीपुढे तिला एकच प्रश्न लिहायचा होता: ‘ही ओळ वर्गातल्या दुसऱ्या कुणालाही लिहिता आली असती का?’ तिसऱ्या पानाच्या शेवटापर्यंत उत्तर ‘हो’ आलं. त्यातून एकच ओळ सुटली: ‘घोडबंदर रोडवरच्या घरांच्या जाहिराती अंतर मिनिटांत सांगतात.’

“किलोमीटरमध्ये का नाही सांगत?” मी विचारलं.

पुढच्या आठवड्यात ती स्वतःच जाऊन आली. जाहिरातीत स्टेशन पंधरा मिनिटांवर होतं. तिला संध्याकाळी बसने बावन्न मिनिटं लागली. जाहिरातीच्या कोपऱ्यातला महारेराचा, म्हणजे गृहप्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, क्यूआर कोड तिने स्कॅन केला. ऑगस्ट २०२३ पासून तो गृहप्रकल्पाच्या जाहिरातीत छापावाच लागतो. त्यातून इमारतीचा ताबा कधी मिळणार ती तारीखही तिने शोधून काढली. हे सगळं सांगताना ती खुर्चीत पूर्ण मागे टेकून बसली होती. वर्गात शिकवलेली एक जाहिरातही तिला तेव्हाच आठवली. १९५८ मध्ये जाहिरातकार डेव्हिड ओगिल्वी यांनी रोल्स रॉइस गाडीसाठी केलेली. ताशी साठ मैल वेगात गाडीत सगळ्यात मोठा आवाज येतो तो विजेवरच्या घड्याळाचा, असं तिच्यात म्हटलं होतं. “सर म्हणाले होते, त्यांनी आधी तीन आठवडे नुसतं गाडीबद्दल वाचलं. मी तर लिहायच्या आधी काहीच बघितलं नव्हतं.”

हे तिचं तिला सापडलं याचा मला फार आनंद झाला. मी सांगितलं असतं तर ते आणखी एक पाठ केलेलं वाक्य झालं असतं.

नवीन निबंध फ्लेक्सवर लिहायचं तिने ठरवलं. पहिला खर्डा रागाचा होता, आणि राग आला की ती पुन्हा ‘बाजारू वृत्ती’, ‘विद्यार्थ्यांचे शोषण’ अशा शब्दांकडे पळत होती. मी तिला तो मोठ्याने वाचायला लावला. जिथे तिचाच आवाज सपाट होत होता तिथे ती स्वतः पेन्सिलने खूण करत गेली. दुसऱ्या खर्ड्यात पहाटेचा दिवा आला, पिठाची पानं आली. तिसऱ्यात एक वाक्य आलं, ‘त्या वाक्यात आई नव्हती, म्हणून ते माझं नव्हतं.’ ते वाचून दाखवल्यावर ती थांबली. मीही काही बोलले नाही.

निबंध सरांना देण्याआधी आईला वाचून दाखवायचा का, हे मी तिच्यावर सोडलं होतं. आठ दिवसांनी ती आली.

“दाखवला?”

“हो. रात्री, भांडी झाल्यावर. मी वाचत होते, ती लसूण सोलत होती. संपल्यावर म्हणाली, म्हणजे ते तू बोलली नव्हतीस होय?”

“मग?”

“मग म्हणाली, यात एक चुकलंय. मी लिहिलं होतं, आई रोज दीडशे चपात्या लाटायची.” तिने निबंध माझ्यापुढे ठेवला. दीडशेवर काट मारून शेजारी निळ्या पेनाने नवा आकडा लिहिला होता, आणि अक्षर तिचं नव्हतं. “एकशे ऐंशी, मॅडम. रविवारी दोनशे.”