सांगलीहून वीस जणांचा ग्रुप बालीला न्यायचाय. देवळं, नाच, शेती नीट बघता येईल अशी टूर कशी ठरवावी?

तुम्ही लिहिलंय की सांगली-तासगावची वीस माणसं आहेत, बहुतेक पन्नाशी-साठीतली, बरेच द्राक्ष बागायतदार, निम्मे शुद्ध शाकाहारी. समुद्र आणि झोपाळ्यावरचे फोटो दुय्यम, बालीची संस्कृती आणि भातशेती समजून घ्यायची आहे. हातात दोन कंपन्यांचे पाच रात्रींचे कार्यक्रम आहेत आणि दोन्हींत वीस-बावीस ठिकाणं.

दोन्ही कार्यक्रम आहेत तसे घेऊ नका. ठिकाणं निम्मी करा, मुक्काम किनाऱ्यावरून आतल्या उबुड गावाला हलवा आणि कंपनीकडून रोजचा तासांचा हिशोब लेखी मागा: हॉटेलातून किती वाजता निघणार, गाडीत किती वेळ, ठिकाणावर किती वेळ. हा हिशोब मागितला की बावीस ठिकाणांतली दहा आपोआप गळतात.

बाली बेट साधारण ५,७८० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सांगली जिल्ह्यापेक्षाही लहान. त्यामुळे नकाशावर सगळं जवळ दिसतं. पण बेटाच्या मध्ये ज्वालामुखींची रांग आहे आणि तिथून दक्षिणेकडे नद्या खोल घळी पाडत उतरतात. मोठे रस्ते या घळींमधल्या डोंगरधारांवरून वर-खाली जातात. पूर्वेकडून पश्चिमेला जायचं तर अनेकदा खाली उतरून दुसऱ्या रस्त्याने पुन्हा वर चढावं लागतं. त्यात रस्ते अरुंद आणि स्कूटरची गर्दी. गाडी तासाला २५ ते ३० किलोमीटरच धरा. विमानतळ ते उबुड अंतर चाळीस किलोमीटरच्या आतलं, पण दीड तास लागतो आणि संध्याकाळी दोनही लागतात.

स्वस्त टूरमध्ये मुक्काम दक्षिण किनाऱ्यावरच्या कुटाला असतो, कारण तिथं मोठी हॉटेलं स्वस्तात मिळतात आणि भारतीय जेवणाची सोय जवळ असते. मग रोज सकाळी दीड-दोन तास वर आणि संध्याकाळी तेवढेच खाली. तुम्हाला जे बघायचंय ते जवळजवळ सगळं उबुडच्या आसपास किंवा त्याच्या वर आहे. सहा रात्री करा, चार उबुडला आणि शेवटच्या दोन सानूरला. सानूरचा किनारा शांत आहे, चालायला सपाट रस्ता आहे आणि तिथून विमानतळ जवळ पडतो.

वाहनाचा प्रश्न आत्ताच विचारून ठेवा. वीस जणांसाठी कंपनी दोन टोयोटा हायएस देते किंवा एक मध्यम बस. दोन गाड्या आणि गाईड एकच असेल तर एका गाडीतल्या माणसांना दिवसभर काहीच ऐकायला मिळत नाही. म्हणून पंचवीस-तीस आसनांची एकच बस मागा, नाहीतर दोन गाईड. पंचेचाळीस आसनी मोठी बस भातखाचरांच्या रस्त्यांवर नको. गाडी-चालकाचा दिवस सहसा दहा तासांचा धरलेला असतो, त्यापुढे जादा पैसे. ते कोण देणार हे कोटेशनमध्ये लिहून घ्या.

आता मुख्य गोष्ट, शेती. बालीत भाताचं पाणी ‘सुबक’ नावाच्या शेतकरी संस्था वाटतात. एका बंधाऱ्यावर किंवा पाटावर अवलंबून असलेल्या शेतकऱ्यांचा एक सुबक, त्याचा निवडलेला प्रमुख ‘पेकासेह’ आणि प्रत्येक सुबकचं आपलं देऊळ. युनेस्कोने २०१२ साली बालीचा हा परिसर जागतिक वारशात घेतला. कास पठार ज्या पश्चिम घाटाच्या नोंदीत आहे, तीही त्याच वर्षीची. तुमच्या ग्रुपला इथं सगळ्यात जास्त वेळ द्यावा असं मला मनापासून वाटतं, कारण म्हैसाळ-ताकारीच्या पाण्यावर बाग जगवणाऱ्या माणसाला पाणीवाटप समजावून सांगावं लागत नाही.

गाईडला सांगून पाटावरचं ‘तेंबुकु’ मुद्दाम बघा. पाटाच्या आडवा एक लाकडी ओंडका टाकलेला असतो आणि त्यात खाचा कोरलेल्या असतात. आता बऱ्याच ठिकाणी तो काँक्रीटचा असतो. सगळ्या खाचांचा तळ एका पातळीत, रुंदी मात्र ज्याच्या त्याच्या हिश्श्याप्रमाणे. पाटाला पाणी वाढलं किंवा घटलं तरी प्रत्येकाचं प्रमाण तेच राहतं. दार नाही, चावी नाही, आणि कोणी खाच रुंद केली तर येता-जाता सगळ्यांना दिसते. वरून खाली येताना गवतात अर्धवट लपलेला हा ओंडका सहज नजरेतून सुटतो, म्हणून आधीच सांगून ठेवायचं.

आपल्याकडे टेलच्या, म्हणजे पाटाच्या शेवटच्या शेतकऱ्याला पाणी पोचत नाही ही नेहमीची तक्रार. तिथं वरच्याने खालच्याचं का ऐकावं? जे. स्टीफन लान्सिंग या मानववंशशास्त्रज्ञाने याचा अभ्यास केला. खालच्याला भीती पाण्याची असते, वरच्याला किडीची. सगळ्या खोऱ्याने एकाच वेळी भात लावला आणि एकाच वेळी रान पडीक ठेवून त्यात पाणी भरलं, तर तुडतुडे आणि उंदरांना खायला काही उरत नाही. वरच्याने पाणी अडवलं तर खालचे मागेपुढे लावणी करतात आणि कीड फिरून वरच्याच्याच रानात येते. लावणीचं वेळापत्रक देवळांतल्या बैठकांत ठरत असे. १९७० च्या दशकात जास्त उत्पन्नाच्या जाती आल्या आणि मिळेल तेव्हा लावा असा सरकारी आग्रह सुरू झाला. वेळापत्रक मोडलं, पाण्याची ओढाताण आणि किडीचे हल्ले वाढले. पुढे बऱ्याच ठिकाणी शेतकरी देवळाच्या वेळापत्रकावर परतले.

यासाठी दोन दिवस असे लावा. पहिल्या दिवशी सकाळी लवकर किंतामणी. तिथल्या पेनेलोकानच्या कड्यावरून १,७१७ मीटरचा बातुर पर्वत आणि त्याच्या पायथ्याचं तळं दिसतं. दहा-अकरानंतर बऱ्याचदा ढग उतरतात, म्हणून उबुडहून सातला निघायचं. रात्री दोनला उठून बातुर चढण्याचा कार्यक्रम तुमच्या वयोगटाला नको. जवळच उलुन दानु बातुर देऊळ आहे. मूळ देऊळ खाली तळ्याजवळ होतं, १९२६ च्या उद्रेकानंतर ते वर कड्यावर हलवलं. तळ्यातून बाहेर पडणारी नदी दिसत नाही. पाणी मुरून खालच्या झऱ्यांना मिळतं आणि ते तळ्याच्या देवीचं, देवी दानूचं, असं तिथला शेतकरी मानतो. तिथून खाली येताना तांपाकसिरिंगला तीर्त एंपुल, दहाव्या शतकापासूनचं झऱ्याचं देऊळ, आणि त्याच पाकेरिसान नदीच्या घळीत गुनुंग कावीची अकराव्या शतकातली कातळात कोरलेली स्मारकं. म्हणजे एका दिवसात पाण्याबरोबर वरून खाली येता. कंपन्या हा क्रम उलटा लावतात तेव्हा ढगात किंतामणी आणि गर्दीत तीर्त एंपुल असं दोन्हीकडून नुकसान होतं.

गुनुंग कावीला सुमारे तीनशे पायऱ्या उतरायच्या आणि पुन्हा चढायच्या आहेत. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी वरच थांबावं किंवा तीर्त एंपुललाच जास्त वेळ द्यावा. तीर्त एंपुलच्या कुंडात स्नान करायचं असेल तर ओलं करायचं वेगळं वस्त्र भाड्याने मिळतं. रांगेतून एकेका धारेखाली डोकं धरायचं. दोन धारा मृतांच्या विधीसाठी राखलेल्या आहेत, त्या सोडून पुढे जायचं. कोणत्या त्या गाईड दाखवतो.

दुसऱ्या दिवशी जातिलुविहची भातखाचरं आणि येताना मेंग्वीचं तामान आयुन देऊळ. जातिलुविहला निदान अडीच तास ठेवा, वीस मिनिटांच्या फोटोथांब्याला काही अर्थ नाही. तिथं चालायच्या वाटा आखलेल्या आहेत, छोटी वाट तासाभराची आणि सोपी. निघण्याआधी कंपनीला एकच प्रश्न विचारा: त्या आठवड्यात भात कोणत्या अवस्थेत असेल? कापणी झालेली असेल तर नुसती खुंटं दिसतात. तेगालालांगची खाचरं उबुडजवळ आहेत म्हणून सगळे तिथं नेतात, पण तिथं आता दुकानं आणि झोपाळेच जास्त. तुम्ही ते वगळलंत तरी चालेल.

देवळांचे नियम पाळायला सोपे आहेत. कमरेला सारोंग आणि त्यावर पट्टा, पुरुषांनाही. घरात नुकतं कोणी गेलेलं असेल तर सुतक तिथंही मानतात, आणि मासिक पाळीत स्त्रियांनी देवळात जाऊ नये अशी पाटी बहुतेक ठिकाणी असते. सगळ्यात आतलं अंगण बऱ्याच देवळांत फक्त पूजेला आलेल्यांसाठी असतं. ‘आपणही हिंदूच’ म्हणून हट्ट धरू नये, पूजा करायचीच असेल तर गाईडकरवी आधी विचारावं. पानाच्या द्रोणातली फुलं रस्त्यावर, पायरीवर, दुकानाच्या दारात ठेवलेली असतात. तो नैवेद्य आहे, ओलांडताना पाय लागू देऊ नका.

सानूरच्या मुक्कामात एक संध्याकाळ उलुवातू देवळाजवळच्या केचाक नाचाला द्या. वाद्य एकही नाही, पुरुषांचा मोठा घोळका ‘चक-चक’ असा ठेका तोंडाने धरतो आणि मध्ये सीताहरण ते लंकादहन घडतं. खेळ सहाच्या सुमारास सुरू होतो, पाचच्या आत जागेवर बसा. चष्मा, टोपी, कानातलं पिशवीत ठेवा, माकडं ओढून नेतात. माकड चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबणाने पंधरा मिनिटं धुवून त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करायची, हयगय नाही. बालीत रेबीज आहे.

नुसा पेनिदा बेट कार्यक्रमातून काढा. बोटीत चढ-उतार, खराब रस्ते आणि उभ्या पायऱ्या यांत एक अख्खा दिवस जातो. लुवाक (उदमांजर) कॉफीचा थांबाही काढायला सांगा. त्यासाठी ती जनावरं पिंजऱ्यात ठेवलेली असतात आणि थांबा कमिशनचा असतो.

शाकाहारींसाठी खरी अडचण मांसाची नसून कोळंबीची आहे. ‘तेरासी’ म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा लगदा, तो सांबालात (मिरचीच्या चटणीत) आणि बऱ्याच भाज्यांत असतो. गादो-गादो या भाज्यांच्या पदार्थावरचे कुरकुरीत पापडही बहुधा कोळंबीचेच. कागदावर लिहून ठेवा: ‘तान्पा दागिंग, तान्पा इकान, तान्पा तेरासी, तान्पा तेलुर’, म्हणजे मांस, मासे, तेरासी, अंडं नको. तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) आणि टोफू सगळीकडे मिळतात. दुपारचं जेवण भारतीयच हवं असा हट्ट ठेवलात तर गाडी दीड तास उलटी जाईल. दुपारी स्थानिक, रात्री भारतीय हे ठीक. भडंग आणि शेंगदाण्याची चटणी बंद पाकिटात न्या. ताजी फळं, बियाणं, दुधाचे पदार्थ नकोत. सिंगापूरमार्गे जाणार असाल तर खसखस असलेले अनारसे किंवा मसालाही नको, तिथं खसखस अमली पदार्थांच्या कायद्यात अडकते.

तारीख. बालीचा कोरडा हंगाम एप्रिल ते ऑक्टोबर. ऑक्टोबरच्या फळछाटणीआधी निघायचं तर जून किंवा सप्टेंबर उत्तम, जुलै-ऑगस्टला गर्दी आणि हॉटेलं महाग. २१० दिवसांनी येणाऱ्या गालुंगान सणात घरोघरी वाकलेले सजवलेले बांबू उभे असतात आणि देवळं माणसांनी भरलेली असतात. २०२६ साली तो १७ जूनला आहे. प्रत्यक्ष सणाला आणि आदल्या दिवशी चालक-गाईड गावी जातात, म्हणून दोन दिवसांनी पोचणं बरं. न्येपी मात्र टाळा. तिथलाही शक संवत्सराचा पहिला दिवस, गुढीपाडव्याच्या आसपास येतो, २०२६ साली दोन्ही १९ मार्चला. त्या दिवशी विमानतळासकट सगळं बेट चोवीस तास बंद, पर्यटकानेही हॉटेलाबाहेर पडायचं नाही.

कागदपत्रं: पासपोर्टची मुदत पोचल्यापासून सहा महिने, परतीचं तिकीट, ३० दिवसांचा आगमन व्हिसा ५ लाख रुपिया, बालीचा पर्यटक कर दीड लाख रुपिया. आपला एक रुपया म्हणजे साधारण १८०-१९० रुपिया, भाव बदलतो. व्हिसा आणि कर ऑनलाइन भरा, आणि पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ‘ऑल इंडोनेशिया’ हा अर्ज भरा. वीस जणांचे अर्ज एकाने बसून भरले तर नाव-क्रमांक चुकतात, दोघांनी वाचून तपासावेत. पैसे बदलताना परवानाधारक दुकानातच बदला, शेवटची मोजणी तुमची असू दे आणि मोजलेल्या नोटा पुन्हा त्याच्या हातात देऊ नका. फसवणूक तिथंच होते.

कंपनीला पैसे देताना एकाच्या खात्यावरून वीस जणांचे देऊ नका. परदेशी टूरवरचा टीसीएस, म्हणजे कंपनी आगाऊ घेते तो कर, ज्याच्या पॅनवर कापला जातो त्याच्याच आयकरात वळता होतो, बाकीच्यांना तो मिळत नाही. प्रत्येक कुटुंबाने स्वतःच्या पॅनवर भरावेत आणि पावती घ्यावी. सांगली ते मुंबई विमानतळ बस कंपनीची असेल तर ती वेळेत न पोचल्यास जबाबदारी कोणाची हेही करारात लिहून घ्या. खंबाटकी आणि पुण्याची कोंडी धरून विमानाच्या आधी बारा तास निघावं.