नोकरी सोडून पोकरवर जगायचं तर बँकरोल किती हवा? 20 बाय-इन पुरतील का?

वय 26 लिहिलंयस म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नको. चार लाख साठलेत, ठाण्यात फ्लॅटचा हप्ता चालू आहे, घरखर्च धरून महिन्याला 30 हजार लागतात आणि नोकरी सोडायचीय. अगदी माझीच कुंडली, म्हणून लिहायला बसलो.

बाय-इन म्हणजे टेबलवर बसताना न्यायची रक्कम आणि बँकरोल म्हणजे खेळायला वेगळे ठेवलेले सगळे पैसे. 20 नाही पुरणार. ज्याचा पगार चालू आहे त्याला 20 चालतात, उडाले तर एक तारखेला परत भरतो. खेळून जगणाऱ्याला 40 तरी हवेत, तेही कॅश गेमला (खऱ्या पैशांचं टेबल, हवं तेव्हा उठता येतं), टुर्नामेंट खेळणार असशील तर 100 पण कमी पडतात. झालं उत्तर. पण मी 60 घेऊन बसलो होतो आणि तरी अकरा महिन्यांत संपलो, ते ऐक.

डिसेंबर 2020 ला ऐरोलीची नोकरी सोडली. लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन टेबलांवर नवशिक्यांची जत्रा भरली होती, रात्री दोनला पण जागा मिळायची नाही. 25/50 खेळायचो, म्हणजे डाव सुरू होताना दोघांनी सक्तीने टाकायचे ब्लाइंड 25 आणि 50 रुपये, त्यातला मोठा तो बिग ब्लाइंड, आणि बाय-इन त्याच्या शंभरपट, 5 हजार, हातात 3 लाख. महिन्याला 20 हजार हात (म्हणजे डाव) आणि शंभर हातांना 5 बिग ब्लाइंड असा हिशोब धरला की 50 हजार सुटतात. दादाला एक्सेल दाखवली. तो म्हणाला, जुगाराची कसली एक्सेल. तेव्हापासून आमचं जे सुरू आहे ते अजून मिटलेलं नाही.

त्या शीटमध्ये एक रकाना नव्हता. शंभर हातांमागे चढउतार साधारण 90 ब्लाइंडचा असतो, म्हणजे 20 हजार हातांच्या एका महिन्यात निकाल 63 हजार इकडे किंवा तिकडे सहज जातो. चांगलं खेळूनही महिना मायनस जाणं यात काही विशेष नाही. पण हप्त्याला ते कुठे कळतं! पाच तारीख आली की 30 हजार बँकरोलमधून काढायचो, जिंकलो असो वा नसो. मे महिन्यात सोसायटीने पावसाळ्याआधी गच्चीचं आणि बाहेरच्या भिंतींचं काम काढलं, फ्लॅटमागे 60 हजार, तेही त्यातूनच. सप्टेंबरला गणपती. दादा म्हणाला, या वर्षी तुझा वाटा राहू दे, तुझं काही स्थिर नाही. वहिनीसमोर म्हणाला. झालं, मखर, नैवेद्य, पाच दिवसांचा सगळा खर्च मी एकट्याने केला, 22 हजार. आणि त्याच पंधरवड्यात टेबलवर 14 बाय-इन गेलेले.

तोवर बाय-इन विसाच्या खाली आले होते. तेव्हा 10/20 ला उतरायला हवं होतं हे शेंबडं पोरगंही सांगेल. पण तिथे सगळं बरोबर खेळलो तरी महिन्याला 20 हजार, हप्ता कसा भरणार? म्हणून वरच बसून राहिलो. लोक म्हणतात इगोमुळे खाली उतरता येत नाही, मला तर हप्त्याने उतरू दिलं नाही. आणि मग घाबरून खेळायला लागतो माणूस. एकदा राजांचा सेट, म्हणजे तीन राजे, घेऊन बसलोय, रिव्हरला, म्हणजे टेबलवरच्या शेवटच्या पानाला, तिसरं बदाम पडलं (समोरच्याच्या हातात दोन बदाम असले तर मी हरलो), समोरच्याने सगळं आत ढकललं. तो रोज ब्लफ मारायचा, म्हणजे हातात काही नसताना पैसे लावायचा, तेव्हा तेवढे पैसे लावून बघायलाच हवं होतं, पण मला त्या चिप्समध्ये लाइट बिल दिसत होतं. टाकली पानं. त्याने ब्लफ दाखवला वर.

नोव्हेंबरअखेर हिशोब असा: टेबलवरून 1 लाख 38 हजार नफा, घरात गेले 4 लाख 12 हजार, शिल्लक 26 हजार. दादा म्हणतो हरलास. अरे हरलो कुठे, प्लसमध्ये होतो, खाल्ले ते घराने खाल्ले! दुकानदार गल्ल्यातून पोरांची फी भरत राहिला तर माल कुठून भरणार, तेव्हा कोणी म्हणतं का धंदा वाईट होता?

तर तुझ्या चार लाखांतले 1 लाख 80 हजार, म्हणजे सहा महिन्यांचा खर्च, वेगळ्या खात्यात टाक आणि त्याचं यूपीआय पण चालू करू नको. उरले 2 लाख 20 हजार, 40 ने भागलेस तर बाय-इन साडेपाच हजार. 30 बाय-इनवर आलास की खाली उतरायचं, वाद नाही. स्वतःला पगार तीन महिन्यांतून एकदाच, तोही 40 च्या वर जे असेल त्यातून. आणि घरच्यांना आधीच सांग की सणाला हात आखडता राहील. मी सांगितलं नाही.

हां, एक राहिलंच. ऑगस्ट 2025 च्या कायद्याने पैसे लावून ऑनलाइन खेळ बंद झालेत, तेव्हा वरचा सगळा हिशोब आता गोव्याच्या कॅसिनोसाठी धर. मी वर्षातून दोनदा जातो, नोकरी सांभाळून, ठाण्याहून रात्रीची कोकणकन्या पकडून. लाइव्ह टेबलवर तासाला 25-30 हात मिळतात, म्हणजे माझ्या एका महिन्याचे 20 हजार हात व्हायला तिथे साडेसहाशे ते आठशे तास लागतील. तिकीट, हॉटेल, जेवण खर्चात धर, साडेपाच हजाराच्या बाय-इनवर ते सुटणं कठीण आहे. जिंकलेल्यावर 30 टक्के कर, वर सेस, 80सी बिसी काही चालत नाही. ठाण्यात कुणाच्या फ्लॅटवर गेम चालते म्हणून बोलावलं तर जाऊ नको, पोलीस आले तर बँकरोल राहील बाजूला.

अजून एक. ते 1 लाख 38 हजार 2 लाख 20 हजार हातांवर पसरले तर शंभराला सव्वा ब्लाइंड येतात, पाच नाही. इतक्या हातांनंतर नुसत्या नशिबावर ढकलता येत नाही, रेक (टेबल चालवणाऱ्याचा कट) जाऊन माझा खेळच तेवढा होता बहुतेक. तुझा शंभर हातांचा आकडा किती आहे आणि किती हातांवर काढलायस ते प्रश्नात लिहिलं नाहीस, ते आधी लिही. माझा दादाला अजून सांगितलेला नाही.